मरळीचं कुंपण

त्या तळ्यात आता भीती मोकाट फिरत नव्हती. मधोमध बोरूच्या काठ्यांचं कुंपण होतं आणि भीती त्यात कोंडलेली होती.

भीती म्हणजे मरळ. दोन हात लांब, तोंडाची भलती मोठी. एका उन्हाळ्यात पाणी आटलं, ती गाळात रुतली आणि सगळ्यांनी मिळून तिच्याभोवती काठ्या रोवल्या. तेव्हापासून चिमुकले मासेही शेपटी ताठ करून पोहू लागले. मात्र कैदी उपाशी मेला तर तळ्याची अब्रू जाईल, म्हणून रोज एका घरातून एकजण आत जाई. पाळी ठरलेली होती. ‘पूर्वी निदान पळता तरी यायचं,’ असं कुणी पुटपुटलंच, तर त्याची पाळी जरा अलीकडे येई.

काठ्यांचं काम तांबी खेकडीकडे होतं, कारण नांग्या तिलाच होत्या. सकाळी एक काठी उपसायची, पाळीवाल्याला आत सोडायचं, काठी पुन्हा रोवायची. दर पंधरवड्याला माप होई. वळताना मरळीची शेपटी काठीला लागली, तर कुंपण चार बोटं मागे सरायचं. कैद म्हणजे छळ नव्हे, असं पंच शिंगटेकाका सांगत. आयतं खाऊन मरळ तर वाढतच होती, आणि मापाच्या दिवशी ती मुद्दाम ऐसपैस वळते, हेही तांबीने पाहिलं होतं. आधी तिला संताप आला, मग नुसता कंटाळा, आणि पुढे काहीच येईना. नांग्या आपल्या चालत राहिल्या.

मासे हळूहळू काठच्या मुळांत आणि दगडांच्या फटींत राहायला गेले. दाटी झाली, पण दाटीत जिवाला बरं वाटतं, असं ते एकमेकांना सांगत.

मग तांबीला पिल्लं झाली. त्याच पंधरवड्यात कुंपण तिच्या बिळापर्यंत आलं.

“शिंगटेकाका, आता कुठे सरकवू? पुढे माझं बीळ आहे.”

“बीळ कोण मोडतंय? तोंडाशी रोव की काठ्या.”

“आणि पिल्लं खेळतील कुठे?”

“तांबे, मरळ मोकळी सुटलेली हवी का तुला?”

तांबीकडे याला उत्तर होतं. पण ते बोलून दाखवायचंही तिच्या जिवावर आलं. पिल्लांसाठी गलबलून यावं म्हणून ती क्षणभर थांबली. काही आलं नाही.

तिने बिळात शिरून आतूनच काठ्या रोवल्या. एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत सगळं पाणी समोर पसरलं होतं, आणि मरळ त्यातून सावकाश चालली होती.

“पक्क्या बसल्या का गं?” शेजारच्या फटीतून शिंगटेकाकांनी विचारलं.

तांबीने एकेक काठी हलवून पाहिली. “बसल्या.”

मागून पिल्लं आली. इवल्या नांग्यांनी काठ्या धरून, फटीला डोळे लावून, ती बाहेर बघत उभी राहिली.