चार खांद्यांचं तारण

लहानांनो, थोरांनो, ऐका. फार जुन्या काळी, एका डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं. गावाचं एक सामायिक कोठार होतं. सुगीला प्रत्येक घर त्यात टोपलीभर धान्य ओतायचं. ज्याला घर बांधायचं असेल त्याने कोठारातून धान्य उचलायचं, त्यावर सुतार-गवंडी पोसायचे आणि दर सुगीला थोडं थोडं परत करायचं. फिटेपर्यंत घर कोठाराकडे गहाण.

कोठाराच्या किल्ल्या एका तरुणाकडे होत्या. आधीचे कोठारी तारण म्हणून सोनं मागत. हा म्हणायचा, "सोनं राहू दे. घराचं आढं चढवायला चार खांदे घेऊन ये. ज्याच्या छपराला शेजारी खांदा देतात, तो गाव सोडून पळत नाही."

एकदा परगावची एक बाई आली. ती बांबूचे तट्टे आणि टोपल्या विणायची. म्हाताऱ्या सासूला घेऊन चिंचेखाली राहायची. बिबट्या जवळून जायचा. तिला घर हवं होतं, पण अनोळखी गावात खांदे कुठले?

कोठारी म्हणाला, "एक माझा. दुसरा माझ्या धाकट्या भावाचा."

"तिसरा माझा," बाई म्हणाली.

"आणि चौथा माझा!" म्हातारी काठी टेकत उठली.

"आजी, तुम्ही आढ्याला लोंबकळू नका म्हणजे झालं," धाकटा म्हणाला. सगळे हसले. आढं चढलं.

पुढे कोठारी तापाने गेला. त्याला न्यायला चार खांदे पुरले असते, अख्खं गाव आलं. धाकट्याने कुणाकडे पाहिलं नाही. त्याला राग आला होता. तापाचा, देवाचा, आपल्या हातात आलेल्या किल्ल्यांचा.

त्याच वर्षी बांबूला फुलोरा आला आणि सगळी बेटं वाळून गेली. बाईचा हप्ता चुकला. गावचा पंच कोठारावर आला.

"तुझा भाऊ भोळा होता. उद्या त्या बाईला बाहेर काढ. नाहीतर किल्ल्या ठेव."

"ह्या घ्या किल्ल्या!" धाकट्याने त्या पंचाच्या पायाशी फेकल्या. "दादाने खांद्यावर चढवलेलं घर मी रिकामं करणार नाही."

तेवढ्यात वावटळ उठली. मागोमाग गारा. कोठाराचं जुनं आढं कडाडून मोडलं, छप्पर एका अंगाला बसलं. गावाचं सगळं बियाणं उघडं पडलं.

"धावा रे, धावा!" पंच ओरडला.

सगळ्यात आधी ती बाई धावत आली. डोक्यावर तट्ट्यांची चळत होती.

"अहो ताई, ह्या तर तुमच्या घराच्या भिंती!" धाकटा म्हणाला.

"भिंती पुन्हा उभ्या करता येतील, भाऊ. बियाणं गेलं तर गाव काय पेरील? धरा ते टोक!"

तिने धान्यावर तट्टे पसरले. मग गवळी आला, लोहार आला, कुंभारीण आली. कोठाराच्या धान्यावर ज्यांची ज्यांची घरं उभी राहिली होती, ते सगळे आले. कुणीतरी स्वतःच्या नव्या घरासाठी आणलेलं लाकूड ओढत आणलं. ते वर जाऊ लागलं. पंचानेही उपरणं कमरेला बांधलं, पण खांदा लावायला त्याला जागाच सापडेना.

मागून म्हातारीचा आवाज आला, "सरका रे मेल्यांनो, चौथा खांदा आलाय!"

भर गारांत गाव हसलं. दादा गेल्यापासून धाकटा पहिल्यांदा हसला, आणि हसता हसता रडला. पण खांदा त्याने काढला नाही. आढं जागेवर बसलं. बियाण्याचा एक दाणाही भिजला नाही.

पंचाने चिखलातल्या किल्ल्या उचलल्या, उपरण्याने पुसल्या आणि धाकट्याच्या हातात दिल्या.

"तुझ्या दादाचंच तारण खरं," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सगळ्या गावाने मिळून बाईच्या भिंती उभ्या केल्या. त्या वेळी पंच सगळ्यांच्या आधी येऊन उभा होता. त्यानंतर त्या कोठाराने कुणाकडे कधी सोनं मागितलं नाही.

तात्पर्य : जे कोठार माणसांची घरं उभी करतं, ते कोठार माणसं पडू देत नाहीत.