तुळाजीची निळी झोळी

"ही किती टिकेल रे?" नवी झोळी चाचपत चिंतोबुवांनी विचारलं.

"बुवा, तुम्ही-आम्ही जाऊ, पण ही राहील."

"मग आपण गेल्यावर हिच्यात झोपायचं कुणी?"

तुळाजी झाडाला बांधलेली दोरी उगाच ताणून बघू लागला. एरवी प्रश्न पुरता व्हायच्या आत त्याचं उत्तर तयार असे.

खाडीकाठच्या त्या लहानशा मठात दोन फणसांच्या मधे जाळीची एक झोळी टांगलेली असायची. बुवांची पाठ वयानं वाकली होती, जमिनीवर काही केल्या टेकत नसे. म्हणून ते त्या झोळीतच आडवे होत.

झोळी विणायची शिष्यानं. मठाच्या मागे अंबाडी पेरायची, पाल्याची भाजी खायची, काटक्या तळ्यात भिजत घालून त्यांचा वाख काढायचा, त्या वाखाला पीळ देऊन दोरी वळायची आणि गाठीला गाठ जोडत झोळी करायची. ती ज्या दिवशी तुटेल, त्या दिवशी बुवांच्या पाया पडायचं आणि मठ सोडायचा. शिकलेलं घेऊन आपल्या वाटेनं जायचं. ही रीत कुणी घातली कुणास ठाऊक, पण ती मोडायचं आजवर कुणाच्या मनात आलं नव्हतं.

तुळाजीच्या आधीची झोळी दौलतची. शिमग्याच्या सुमारास ती तुटली आणि दौलत डोळे पुसत, मागे वळून वळून बघत निघून गेला. आता पाळी तुळाजीची होती. तो विणत होता तोवर बुवा भिंतीला टेकून बसल्या बसल्या झोपत. तक्रार त्यांनी केली नाही. आज वैशाखात झोळी झाडाला लागली, आणि ती होती निळ्या नायलॉनची!

"अंबाडीनं तुझं काय घोडं मारलं होतं?"

तुळाजीला हेच हवं होतं. तो सरसावून बसला.

"अंबाडी पाणी पिते, बुवा. पावसाळ्यात जड होते, बुरशी धरते, खाऱ्या वाऱ्यानं कुजते. काथ्या टिकतो, पण अंगाला टोचतो. सूत मऊ असतं, पण त्याला उंदीर लागतात. आणि हे बघा. भिजलं तर घटकेत वाळतं. कुजणं नाही, उंदीर तोंड लावत नाही. बंदरावर याच दोऱ्याच्या जाळ्यात होडीभर मासळी ओढतात."

"मासळी सुखात असते का रे त्यात?"

तुळाजीनं झोळीला उगाच एक झोका दिला.

"बरं, घाम?"

"घाम… थोडा येईल. हा दोरा घाम पीत नाही."

"आणि ऊन?"

"उन्हानं जरा फिका पडेल. पण तुटणार नाही, बुवा! तुटायचं नाव घेणार नाही."

हे शेवटचं वाक्य तो जरा जास्तच जोरात बोलला. बुवांनी त्याच्याकडे पाहिलं. मग पुन्हा झोळीकडे पाहिलं.

"तुटू नये म्हणून विणलीस… ती मी पडू नये म्हणून, का तू जाऊ नयेस म्हणून?"

तुळाजीनं मान खाली घातली. खरं ते बोलणं त्याला जन्मात जमलं नव्हतं. तो मठात आला तेव्हा तापानं फणफणलेला होता. बुवांनी त्याला मांडीवर घेऊन चमच्या-चमच्यानं पेज भरवली होती, रात्र रात्र कपाळावर ओली घडी ठेवली होती. त्याआधी "जेवलास का?" असं विचारणारं माणूस त्याला कधी भेटलंच नव्हतं. एवढ्या उपकाराचं माणसानं करायचं काय? सोडून जायचं? त्यापेक्षा मग दोऱ्यांवर भाषण केलेलं बरं.

"झोपून बघतो," बुवा म्हणाले.

तुळाजीनं त्यांना अलगद उचलून झोळीत ठेवलं. म्हातारं अंग अगदी हलकं होतं. बुवांनी पाय पसरले, डोळे मिटले.

"गार लागते रे. छान आहे."

तुळाजीचा जीव भांड्यात पडला. तो घागर घेऊन आडावर गेला, आणि जाताना गुणगुणतही होता म्हणे.

परत येऊन बघतो तर बुवा जमिनीवर!

झोळी तुटली नव्हती. एक धागासुद्धा तुटला नव्हता. पण गाठी एकामागून एक सरकत गेल्या होत्या, जाळीची घरं मोठी होत होत सुटली होती, आणि बुवा हळूहळू खाली येत फणसाच्या पाचोळ्यावर उतरले होते. निळा दोरा त्यांच्या अंगाभोवती पसरला होता आणि ते मजेत वर पानांकडे बघत होते.

तुळाजीच्या हातातली घागर निसटली. तो धावत गेला, गुडघ्यांवर बसला, त्यांच्या पाठीखाली हात घातला.

"लागलं का, बुवा? कुठं लागलं?"

"नाही रे. इतक्या सावकाश आजवर कुणी खाली आणलं नव्हतं मला."

तुळाजीला रडू कोसळलं. बुवांनी ते कोसळू दिलं. मग एक सुटलेलं टोक हातात धरून विचारलं, "गाठ कशी मारलीस?"

"तुम्ही शिकवलीत तशीच. एकेरी."

"अंबाडीला ती पुरते. तिच्या अंगावर कुसं असतात, एक दोरी दुसरीला धरून ठेवते. हा दोरा गुळगुळीत आहे. स्वतः तुटत नाही… पण दुसऱ्याला धरतही नाही."

"दुहेरी मारतो, बुवा! आज रात्रभर बसतो. दुहेरी मारली की सुटणार नाही. कधीच नाही."

त्याच्या खांद्याचा आधार घेऊन बुवा उठले आणि फणसाच्या बुंध्यापाशी जाऊन बसले. काठीच्या टोकानं त्यांनी तिथली माती उकरली. काळी, भुसभुशीत माती होती.

"हा दौलत," ते म्हणाले.

तुळाजी बघत राहिला. तुटलेली झोळी बुवा शेणकाल्यात बुडवून झाडाच्या बुडाशी पुरायचे, हे त्याला ठाऊक होतं. दौलतची तर त्यानंच पुरली होती.

बुवांनी आणखी खोल उकरलं. "हा नरहरी. त्याच्या खाली भैरू."

"कुठं आहे, बुवा? मला तर नुसती माती दिसते."

बुवांनी वर बोट केलं. बुंध्यालाच, हाताला येईल असा, एक पिकला फणस लटकत होता. त्याच्या वासानं माश्या जमल्या होत्या.

"काढ."

तुळाजीनं फणस उतरवला, हाताला तेल लावून फोडला. बुवांनी त्यातला एक पिवळाधमक गरा उचलला आणि स्वतःच्या हातानं त्याच्या तोंडात घातला, पेज भरवली होती तसाच.

गरा गोड होता. दौलत पहाटे हाक मारून उठवायचा ते तुळाजीला आठवलं. नरहरी नि भैरू यांना त्यानं पाहिलंही नव्हतं, तरी त्याचे हात आपोआप जोडले गेले.

मग तो उठला. निळा दोरा त्यानं गोळा केला, एकही तुकडा मागं राहू दिला नाही.

"याचं काय करू, बुवा? हा तर पुरूनही कुजायचा नाही."

"चार पदर एकत्र वळ आणि आडाच्या पोहऱ्याला लाव. तिथली दोरी सारखी भिजून कुजते. त्या जागी हा सोन्यासारखा आहे."

तुळाजीला हसू आलं. डोळे अजून ओले होते, पण हसू आलं.

उन्हं कलल्यावर त्यानं माळ्यावरून अंबाडीच्या वाखाचा जुडगा काढला. पाण्याचा हात लावला, मांडीवर पीळ दिला. कुसं हाताला टोचत होती आणि त्याला ती बरी वाटत होती. बुवा भिंतीला पाठ टेकून बसले होते. आजची रात्रही त्यांना बसूनच काढायची होती.

पहिली गाठ मारून तुळाजी थांबला.

"बुवा, ही तुटेल ना… त्या दिवशी मी जाईन. रडेन, पण जाईन."

तुळाजीनं दुसरी गाठ घातली.

बुवा पुढे वाकले. त्यांनी ती गाठ चाचपली, दोन्हीकडून ओढून आणखी आवळली आणि दोरी परत त्याच्या हातात दिली.

"घट्ट वीण, बाबा," ते म्हणाले. "मला तरी कुठं घाई आहे?"