तीन ओटे

"बुवा, आत्मा जर निर्भय, तर सगुणाकाकूंना उंबऱ्याचं भय का?"

अच्युतबुवा कापसाच्या वाती वळत होते. "तू काय केलंस?"

त्यांच्या शिष्यानं, नीळकंठानं काय केलं नव्हतं! काकू गेल्या वर्षी गल्लीत पडल्या. हाड जुळलं, वैद्य म्हणाले खुशाल चाला, पण त्या दाराबाहेर पडेनात. गल्लीच्या टोकाला धाकटी बहीण द्वारका अंथरुणाला खिळलेली, रोज विचारायची, "ताई आली का?" नीळकंठानं आठ दिवस प्रवचन झोडलं, शिसवी काठी आणली, शेवटी दोन गडी आणि खुर्चीही आणली. खुर्ची पाहून काकूंनी आतून कडी घातली. सगळं पालथ्या घड्यावर पाणी.

बुवा उठले. ऐंशीचे होते, पण चालायला खणखणीत.

काकूंच्या दाराशी मात्र त्यांनी चौकट धरली. "सगुणाबाई, पाय थरथरतोय. शेजारच्या ओट्यापर्यंत हात द्याल?"

नीळकंठ लगबगीनं पुढे झाला. बुवांनी त्याला डोळ्यांनीच मागे सारलं.

"मी? अहो, मीच पडेन!"

"मग दोघं पडू. गल्लीला तेवढीच करमणूक."

काकूंना हसू फुटलं. त्यांनी हात दिला. उंबऱ्यावर त्या थबकल्या...

बुवाही थांबले. घाई फक्त नीळकंठाला होती.

पहिल्या ओट्यावर दोघं टेकली, शेजारणीनं दिलेलं पाणी प्यायली. दुसऱ्या ओट्याकडे जाताना काकूच बुवांना दटावू लागल्या.

"जपून! इथला दगड हलतो. मी पडले ती इथंच."

तिसऱ्या ओट्यावर बुवांनी हात सोडला.

"माझं इतकंच. तुम्ही व्हा पुढं."

द्वारकेचं दार वीस पावलांवर होतं. काकूंनी एकदा मागं पाहिलं... आणि पदर खोचला.

नीळकंठ धावणार, तोच बुवांनी त्याचं उपरणं धरलं. एकेक पाऊल पडत होतं आणि इकडे नीळकंठाचा जीव टांगणीला लागला होता.

मग आतून हाक आली, "ताई!"

नीळकंठाचे डोळे भरून आले. जरा वेळानं त्याला काळजी सुचली.

"पण बुवा, काकूंना आता परत कोण आणणार?"

बुवांनी ओट्यावर ऐसपैस मांडी घातली.

"बस इथं. आपल्याला घरी पोचवायला त्या येतीलच."