जवाईबापूंची थंडी आणि वाळ्यातली परी

एक होती गल्ली. गल्लीच्या टोकाला होती इवलीशी बाग, आणि बागेला टेकून होतं तिच्याहून इवलंसं पत्र्याचं घर. त्या घरात वेणू राहायची. उन्हाळ्यात तो पत्रा असा तापायचा, की त्यावर चिमणी बसली तर टुणटुण नाचतच उडून जायची. घरात पंखा एकच. खुरखुर करायचा, पण फिरायचा बापडा! त्याच्याखाली झोळीत वेणूचा तान्हा भाऊ बाळ्या झोपायचा. त्याच्या मऊमऊ पाठीवर घामोळ्यांचे लाललाल दाणे उठले होते.

पंखा सुरू, की बाळ्या गप्प. पंखा गप्प, की बाळ्या सुरू! आणि हल्ली पंखा रोज भर दुपारी गप्प व्हायचा. गल्लीच्या तोंडाशी खांबावर विजेचा एक जुनापुराणा डबा होता. सगळे त्याला डीपी म्हणत. डीपी आधी गूंऽऽ करायची, मग फट्‌! झालं, सगळ्या गल्लीची वीज गुल. आई अंगणात लोकांच्या कुरडया घालत असायची, म्हणून वेणूच पुठ्ठ्याने बाळ्याला वारा घालायची. हात भरून यायचे, तरी बाळ्याचं रडं काही थांबायचं नाही. मग वेणूलाही रडू यायचं.

एका सकाळी ती बागेतल्या नळावर गेली. नळाने खूप खोकून जेमतेम अर्धी कळशी पाणी दिलं. शेजारी वाळ्याच्या गवताचा एक झुबका सुकून पिवळा पडला होता. हाच तो वाळा, ज्याच्या मुळ्या माठात टाकल्या की पाण्याला गोड वास येतो.

“तुले पण तहान लागली असन ना रे?” वेणू म्हणाली, आणि कळशीतलं पाणी तिने थोडं त्यालाही घातलं.

झुबका शहारला. पातं न् पातं हिरवंगार झालं, मुळांशी रुपेरी, सोनेरी ठिणग्या नाचल्या, आणि त्यातून बाहेर आली एक परी! अंगठ्याएवढी. पोपटी लुगडं, रुपेरी काठ, नाकात दवाच्या थेंबाची नथ. फक्त पंख मात्र ओल्या पापडासारखे लोंबत होते.

“हुश्श! वाचवलंस गं बाई,” परी म्हणाली. “मी वाळ्यातली परी. माग, तुला काय हवं ते माग.”

“आमच्या बाळ्याचा पंखा बंद पडू नये. बस.”

“देईन हो. पण नियम आहे.” परीने कपाळावरचा घाम पुसला. “परीलोकातसुद्धा उन्हाळ्यात भारनियमन असतं. कुणीतरी वीज वाचवायची, मग तेवढीच जादू मला मिळायची. आणि बटण ज्याचं, त्यानेच बंद करायचं, तेही राजीखुशीने. भांडून बंद केलेलं चालत नाही.”

वेणू धावत घरी गेली. उन्हाने घर लख्ख उजळलं होतं, तरी कोपऱ्यात बल्ब जळत होता. तिने हसत बटण दाबलं. टिक! परीच्या ओंजळीत मोहरीएवढी जादू चमकली.

“एवढ्याशात पंखा नाही गं चालायचा. दुसरं काही माग.”

“मग तुमचे पंख सरळ होऊ द्या. उडायले लई त्रास होत असन तुम्हाले.”

परीने ती मोहरीएवढी जादू पंखांवर शिंपडली. पंख ताठ झाले, निळे जांभळे चमचमले, आणि ती भुर्रकन वेणूच्या वेणीत जाऊन बसली. “चल,” ती कानात म्हणाली, “या गल्लीत सगळ्यात जास्त वीज कुठे जाते ते शोधू.”

शोधायला कशाला हवं? पमाकाकूंच्या घरी अधिक महिन्याचे जावई आले होते! अधिक महिना म्हणजे जावयाचा महिना. अनारशांचं ताट, नवे कपडे, आणि लाड तर विचारूच नका. पमाकाकूंनी ठरवलं होतं, जवाईबापूंना उन्हाळा म्हणून लागू द्यायचा नाही. म्हणून घरात दोन कूलर, तीन पंखे, टीव्ही, रंगीबेरंगी दिव्यांची माळ, आणि अंघोळीसाठी दिवसभर गिझर! वर गारवा पळून जाऊ नये म्हणून खिडक्या घट्ट बंद. कूलरला बाहेरची हवा लागते, हे काकूंना कोण सांगणार? आत गारव्यासोबत सगळं दमटही झालं होतं. डब्यातले पापडसुद्धा मऊ पडले होते.

वेणू आत गेली तेव्हा जवाईबापू पलंगावर मांडी घालून बसले होते. अंगावर गोधडी, कानाला टॉवेल, नाक गाजरासारखं लाल. शेजारी त्यांचे सासरे दादाजीकाका शाल घेऊन बसले होते.

“गार वाटते ना, बापू?” काकूंनी विचारलं. त्यांनी स्वतः दोन स्वेटर घातले होते.

“हो, हो. मस्त,” जवाईबापूंचे दात कडकड वाजले.

तेवढ्यात बाहेर डीपी गुणगुणायला लागली. गूंऽऽ! तिकडून बाळ्याचं मुसमुसणं ऐकू आलं. पंखा मंदावला असणार. वेणूला ओरडावंसं वाटलं, पण नियम आठवला. ती जवाईबापूंजवळ गेली आणि हळूच म्हणाली,

“बापू, तुम्हाले थंडी वाजते का?”

जावयाला हे कुणी विचारलंच नव्हतं! जवाईबापूंनी सासूबाईंकडे पाहिलं, सासऱ्यांकडे पाहिलं, आणि... आऽऽक्छी!

“खरं सांगू का?” ते रडवेले होऊन म्हणाले. “लई वाजते. तुम्हाले वाईट वाटन म्हणून बोललो नाही. मले बाहेर कडुलिंबाखाली बाज टाकून द्या. माठातलं पाणी द्या. बस!”

“अहो, मग मीही गारठलो ना!” दादाजीकाका शाल फेकत म्हणाले.

“अन् मी काय?” पमाकाकू हसत सुटल्या. “जवाई गारठले, सासरा गारठला, सासू गारठली, अन् सारे म्हणतात मस्त!”

हसता हसता त्यांनी आपल्या हाताने एकेक बटण बंद केलं. गिझर, टिक! माळ, टिक! टीव्ही, टिक! कूलर, टिक, टिक! मग खिडक्या उघडल्या.

डीपीची गुणगुण थांबली. पण फट्‌ झालं नाही! तिकडे वेणूच्या घरी पंखा खुरखुर करत पुन्हा वेगाने फिरू लागला.

“तुम्ही केलं ना हे?” वेणूने वेणीतल्या परीला विचारलं.

“मी नाही गं, ते तुम्हीच केलंत,” परी म्हणाली. ती आता लिंबाएवढी गोल आणि झगझगीत झाली होती. “वाचलेल्या विजेची सगळी जादू माझ्याकडे शिल्लक आहे. तिचं बक्षीस तुला.”

वेणू घरी आली, तर खिडकीला वाळ्याची जाड, सुंदर ताटी लागलेली! तिच्यावर पाण्याचे मोत्यांसारखे थेंब चमकत होते. वारा तिच्यातून झिरपून आत येत होता, गार आणि सुगंधी. आई पीठ लागलेले हात तसेच धरून बघत राहिली. बाळ्याने एक जांभई दिली, मूठ तोंडात घातली, आणि झोपला.

“आता मी जाते,” परी म्हणाली. तिने हात पसरले. लखलख, झगमग, सोनेरी उजेड घरभर फाकायला लागला. परी म्हटल्यावर अशा थाटातच जायचं असतं ना!

“परीताई,” वेणू ओठांवर बोट ठेवून म्हणाली, “जरा बारीक कराल का? आत्ताच निजला तो.”

परीने जीभ चावली. उजेड बारीक केला. आणि काजव्याएवढ्या उजेडात, चवड्यांवर चालत, ती दिसेनाशी झाली.