नावेतली पदवी

“पदवी नाही, तर काम नाही!”

घाटावर दवंडीवाला ओरडला आणि भिवराच्या हातातलं वल्हं जागीच थांबलं. निंबगडच्या राजा मानाजीरावांचा नवा हुकूम होता. आचारी पदवीधर हवा, माळी पदवीधर हवा, महाराजांवर छत्र धरणारासुद्धा पदवीधर हवा! मग नाव चालवणारी कशी सुटणार? भिवराचे वडील धर्मा भोई हात अधू झाल्यापासून घरी बसून होते. सोनवती नदीवरची नाव तीच चालवायची. नाव गेली, तर घरातली चूलच विझणार होती.

ती तशीच ओल्या पायांनी दरबारात जाऊन उभी राहिली.

“महाराज, मी शिकायला तयार आहे. पण नाव सोडून कॉलेजात गेले, तर माणसं नदीपलीकडं जाणार कशी?”

“त्याची काळजी नको!” प्रधान दाजीपंत पुढं सरसावले. “माझा भाचा चिंतोपंत आहे ना! नौकानयनाच्या दोन पदव्या आहेत त्याच्याकडं. दोन्ही ऑनलाइन, घरबसल्या! एक झटपट मिळते म्हणून घेतली, दुसरी स्वस्त मिळते म्हणून.”

भिवरानं चिंतोपंतांकडं पाहिलं. “कधी नाव चालवलीत का हो?”

“नाव अभ्यासक्रमात नव्हती,” चिंतोपंत ताठ मानेनं म्हणाले.

दरबार हसला. राजाला मात्र ते हसू झोंबलं. हुकूम त्याचा होता आणि हुकूम मागं घेणं त्याच्या स्वभावात नव्हतं.

“ऐक पोरी! तूही ऑनलाइन पदवी निवड. पण ती सगळ्यांत वेगवान हवी, सगळ्यांत स्वस्त हवी आणि तिच्यापायी नाव एक दिवसही बंद पडता कामा नये. उद्या सकाळी निवड सांगायची. एक जरी अट मोडली, तर नाव चिंतोपंताची!”

बातमी गावात पसरायला कितीसा वेळ लागतो? भिवरा घाटावर पोचते न पोचते तोच पदव्या विकणारे हजर! झटपट विद्यापीठाचा माणूस कोट घालून आला होता. “ताई, आज नाव नोंदवा, पुढच्या आठवड्यात पदवी घ्या!” स्वल्पदरी विद्यापीठाचा माणूस त्याला ढकलून पुढं झाला. “आमच्याकडं चपलेच्या भावात पदवी, आणि वर गळ्यात घालायला पट्टा फुकट!” दोघांच्या मागं साध्या साडीतल्या शालिनीबाई उभ्या होत्या. त्या एका मुक्त विद्यापीठाच्या शिक्षिका होत्या.

“आमच्याकडं तीन वर्षं लागतात, बाळ,” त्या म्हणाल्या. “धडे मोबाइलवर. दोन खेपांच्या मधे वाचलेस तरी चालेल. फी फार नाही, पण चपलेच्या भावात मात्र नाही.”

“आणि परीक्षा?”

“लेखी असते. शेवटच्या वर्षी नदीतही असते.”

भिवरा घरी आली. वडील म्हणाले, “पोरी, वेगवान आणि स्वस्त म्हणजे ते पहिले दोघंच. तिसरी बाई अटीत बसत नाही.”

“बसवते की!” भिवरा म्हणाली. पण त्या दिवशी तिला भाकरी गोड लागली नाही.

सकाळी तिनं महाराजांना निरोप धाडला : निवड घाटावरच सांगेन. राजा आला, मागोमाग दरबारही आला. नदी भाद्रपदातली, दोन्ही काठ भरून गढूळ पाणी चाललेलं. भिवरानं वल्हं चिंतोपंतांच्या हातात दिलं आणि त्या दोघा विक्रेत्यांपुढं हात जोडले.

“या, बसा! चिंतोपंतांच्या दोन्ही पदव्या तुमच्याच ना? मग तुमचाच पदवीधर तुम्हांला पलीकडं नेईल. तुम्ही बसलात की मी लगेच तुमची पदवी घेते.”

कोटवाला दोन पावलं मागं सरला. “मला... पाणी सोसत नाही.”

“मला आज उपास आहे!” दुसरा म्हणाला.

“उपासाला नाव चालत नाही वाटतं?” गर्दीतून कुणीतरी ओरडलं. चिंतोपंतांनी तर वल्हं हळूच काठावर ठेवून दिलं होतं. तेही उलटं!

भिवरा शालिनीबाईंकडं वळली. “बाई, तुम्ही बसाल का तुमच्या विद्यार्थ्याच्या नावेत?”

“माझा एक विद्यार्थी दुसऱ्या वर्षाला आहे. त्याच्या हातात मी अजून वल्हं देणार नाही. तिसरं वर्ष संपू दे, मग नातवाला घेऊन बसेन.”

“महाराज, माझी निवड झाली!” भिवरा म्हणाली. “या बाईंची पदवी.”

“हरलीस!” राजा गरजला. “तीन वर्षं म्हणजे वेगवान? मी सगळ्यांत वेगवान सांगितली होती!”

“हीच सगळ्यांत वेगवान आहे, महाराज. त्या दोघांची पदवी पलीकडच्या काठाला पोचतच नाही. जी पोचतच नाही, तिच्यापेक्षा तीन वर्षांनी पोचणारी वेगवान नाही का?”

राजाच्या मिशा थरथरल्या. “आणि स्वस्त? यांच्या पदवीचा भाव तरी माहीत आहे तुला?”

“माहीत आहे, महाराज. यांना फी द्यायची आणि वर जीवही द्यायचा! बाईंना नुसती फी. आता तुम्हीच सांगा, स्वस्त कुठली? आणि नाव तर माझी एक दिवसही बंद राहायची नाही. नावेतच शिकणार मी!”

राजा असा खदखदून हसला, की त्याच्यावरचं छत्र डुलायला लागलं.

“दाजीपंत! या दोघा विक्रेत्यांना आत्ताच्या आत्ता राज्याबाहेर काढा!”

राज्याची हद्द नदीपलीकडं होती. दोघांनी वल्हं भिवराच्या हातात आहे याची खात्री करून घेतली आणि मगच नावेत पाय ठेवला.

ती परत आली, तेव्हा राजा घाटावरच होता. “पोरी, तुझी फी खजिन्यातून! आणि तू पदवीधर होईपर्यंत माझा हुकूम तहकूब.”

“आणि आमचा चिंतोपंत?” दाजीपंत हळूच म्हणाले.

“त्याचंही नाव बाईंकडं घाला,” राजा पुन्हा हसू लागला. “पहिल्या वर्षाला! आणि नदीतल्या परीक्षेला सोबत म्हणून तुम्ही बसा त्याच्या नावेत!”