शेंडे खुडलेली डाळिंबं

भुजंगराव जहागीरदारांनी काबूलहून डाळिंबाची वीस रोपं मागवली आणि हौसा माळणीच्या हवाली केली. हौसानं ती जिवापाड जपली. रोपं कमरेएवढी झाली, तशी तिनं एके सकाळी सगळ्यांचे शेंडे खुडले.

नेमकं त्याच दिवशी जहागीरदारांच्या नातवाचं जावळ होतं. जेवणं उरकल्यावर भुजंगराव पाहुण्यांना बाग दाखवायला आले आणि रोपं बघून त्यांचं पित्त खवळलं.

"माझ्या झाडांच्या माना कापल्यास? आत्ताच्या आत्ता चालती हो!"

बागेतली खोपी हेच हौसाचं घर होतं. तरी ती शांतपणे म्हणाली, "जाते, सरकार. पण बाळराजांचे केस का हो उतरवले?"

"पुन्हा दाट यावेत म्हणून. एवढंही कळत नाही?"

"कळतं की! म्हणून तर शेंडे खुडले. आता एकाच्या जागी चार फांद्या फुटतील. पण सरकार, न्हाव्याला तुम्ही पागोटं बांधलंत आणि मला हाकलताय."

पाहुणे खो खो हसले. भुजंगराव मात्र हसले नाहीत. ते कारभाऱ्याच्या कानाशी पुटपुटले, "हिला लुगडं द्या. चांगल्यातलं द्या, पाहुणे बघताहेत."