मागचा हॉर्न

"…मग खरी गाडी म्हणायची ती कुठली, बाबा? तुम्हीच सांगा."

घाटमाथ्यावर, फकीर दस्तगीरबाबांच्या तकियासमोर उभं राहून हंबीरराव विचारत होते. एक हात त्यांच्या जुन्या लाल स्पोर्ट्सकारच्या बॉनेटवर, लाडक्या घोड्याच्या मानेवर असावा तसा.

हाताने ठोकून घडवलेला पत्रा. जागा दोघांपुरतीच. तरुणपणी याच गाडीने हा घाट चढून त्यांनी शर्यत जिंकली होती, आणि दस्तगीरबाबांनी झेंडूचा हार घातला होता. तेव्हापासून दरवर्षी त्याच दिवशी ते हारासाठी गाडी वर आणत.

लाल गाडीच्या पुढे त्यांच्या बायकोची, मृदुलाची, सात जणांची व्हॅन उभी होती. दोन्ही गाड्यांच्या मध्ये दोर.

व्हॅनबद्दल हंबीरराव फार बोलले नाहीत. डबा आहे, म्हणाले. दारं आपोआप सरकतात, पोरं मागे झोपतात, बिस्किटं सांडतात, ओकतात. रस्त्यात कुणी वळून बघत नाही.

बाबा दोराकडे पाहत होते.

"ही घाट कशी चढली?"

हंबीरराव रुमालाने आरसा पुसू लागले…

शेवटी मृदुलानेच सांगितलं, की इंजिन केव्हाच गेलंय. ती पुढून ओढते, आणि हे मागे स्टिअरिंग धरून बसतात. तिचा वेग कमी पडला की हॉर्न मारतात. इतकी वर्षं झाली, तरी दर हॉर्नला तिच्या छातीत धस्स होतं.

"वळणावर घाबरते ती," हंबीरराव म्हणाले. "मागून सांगावं लागतं."

"इंजिन नाही, आणि हॉर्न वाजतो होय?" बाबा हसले.

"बॅटरी भरलेली असते ना. ते मृदुला बघते."

बाबांनी हार दिला. हंबीरराव तो घेऊन गाडीकडे वळले, तशी मृदुला बाबांच्या जवळ सरकली.

मुलं तिने कालच माहेरी पोचवली होती. तिच्या बॅगा व्हॅनमध्ये होत्या. घरात तोंड उघडायचा धीर झाला नाही, म्हणून इथवर ओढत आणलं. आता घाट एकटीने उतरायचा होता. परत न येण्यासाठी.

बोलताना तिचा आवाज इतका खाली गेला, की बाबांना कान पुढे करावा लागला.

"मी वाईट आहे का, बाबा?"

…

बाबा उठले. वाकून व्हॅनच्या हुकातली गाठ सोडली आणि दोराचं टोक तिच्या हातात दिलं.

हंबीररावांनी ते पाहिलं. लाल गाडीत जाऊन बसले. दोन्ही हात स्टिअरिंगवर, नजर समोर, जणू आता निघायचंच आहे. शेजारच्या जागेवर, जिथे लग्नानंतर मृदुला बसायची, तिथे त्यांनी हार ठेवला होता.

मृदुलाने दोर खाली टाकला. व्हॅनमध्ये बसली. इंजिन चालू केलं, गिअर टाकला. आरशात लाल गाडी दिसत होती. पाय ब्रेकवरच राहिला.

उन्हं घाटाखाली उतरली. झेंडू काळपट दिसू लागला. तरी व्हॅन होती तिथेच, धडधडत.

बाबा खिडकीशी आले.

"दोर सुटला, बाबा," ती म्हणाली. "मग मला निघता का येत नाही?"

मागे सगळं शांत होतं…

"हॉर्नची वाट बघतेस, पोरी."